तळ्यात मासा नाही

तळ्यात मासा नाही, असं मी सरकारला लेखी कळवलं आणि त्या एका वाक्यापायी तीन भल्या माणसांनी माझ्याशी बोलणं टाकलं. यात माझं काय चुकलं ते तुम्हीच सांगा. मी जन्मभर विमा कंपनीच्या दावे विभागात होतो, निवृत्त झालो तो हेडक्लार्क म्हणून. माणूस जे सांगेल ते लिहायचं, खाली त्याची सही घ्यायची, बाजूला आपली ठोकायची, हे माझं शिक्षण. आता मोटार ठोकलेला माणूस सांगतो एक आणि झालेलं असतं भलतंच, हे मला पाठ होतं. पण मासा धरलेला माणूसही त्याच पठडीतला असतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मुळात मी तळ्यावर जायला लागलो ते माशांसाठी नव्हे. घरात बसवेना म्हणून. बायको मुलीच्या बाळंतपणाला तिच्याकडे गेली, विमानाने, दोन बॅगा घेऊन. बाळंतपण झालं, बाळ पालथं पडलं, रांगलं, त्याला दात आले, आणि फोनवर दर खेपेला तेच, "येते पुढच्या महिन्यात." मी म्हणायचो, "सावकाश ये गं, इथे काय अडलंय!" पुरुषाने असंच म्हणायचं असतं. आणि खरंच, अडलं काहीच नव्हतं. दूध येत होतं, पेपर येत होता, नळाला पाणी होतं. फक्त फ्रिज मधूनच घरघरला की कुणीतरी खाकरलं असं वाटून मी स्वयंपाकघराकडे तोंड करून "काय गं?" म्हणायचो. फ्रिज काही बोलायचा नाही.

शेजाऱ्यांचं लक्ष असतंच. खालच्या मजल्यावरच्या वहिनी जिन्यात गाठून म्हणाल्या, "भावजी, एखादं मांजर पाळा." समोरच्या वकिलांचं मत पडलं की मांजराऐवजी भाडेकरू ठेवावा, निदान भांडता तरी येतं. शेवटी वरच्या मजल्यावरच्या औषधवाल्यांनी उपाय काढला. "गळ टाकायला जा तळ्यावर. माझे मेहुणे जायचे. ब्लडप्रेशर एकदम उतरलं त्यांचं."

"आता कसे आहेत?"

"वारले. पण ब्लडप्रेशरने नाही."

एवढ्या खात्रीशीर औषधाला नाही कसं म्हणणार? मी गळ घेतला, घडीची खुर्ची घेतली, डोक्याला टोपी घेतली आणि तळ्यावर जाऊन बसलो.

तळं म्हणजे गावाला पाणी पुरवणारं जुनं तळं. एका अंगाला दगडी पायऱ्या, दुसऱ्या अंगाला पंपाची खोली, कडेने तारेची जाळी आणि जाळीला एक भोक, जे सगळे फाटक म्हणून वापरतात. तिथे रोज सकाळी तीन माणसं असायची. पायऱ्यांवर कर्नल. हे कर्नल सैन्यात कधीच नव्हते, बसडेपोत वाहतूक नियंत्रक होते, पण गाड्या अशा दमात सोडायचे की ड्रायव्हर लोकांनी हुद्दा बहाल केला. पंपाच्या खोलीमागे दाताचे डॉक्टर, दवाखाना उघडण्याआधी तासभर. आणि सांडव्यापाशी, जिथून जादा पाणी बाहेर पडतं तिथे, शिंपीमामा. मामांच्या तोंडात कायम टाचण्या धरल्यासारखे ओठ मिटलेले. मी पायऱ्यांवर कर्नलपासून हातभर अंतर सोडून बसलो आणि ओळख करून दिली, "मी विम्यात होतो."

एवढं म्हणताच कर्नलनी खुर्ची उचलून दोन पायऱ्या खाली नेली. याची मला सवय आहे. विम्यात होतो म्हटलं की माणूस पाकीट सांभाळतो. अहो, मी जन्मात एक पॉलिसी विकली नाही! मी दावे विभागात होतो, मी लोकांना पैसे द्यायचो! पण हे सांगेपर्यंत ऐकणारा जागेवर नसतो. त्यांनी माझं नाव विमासाहेब ठेवलं आणि विषय मिटवला.

तळ्याकाठी बोलणं कमीच. जे काय असेल ते एवढंच. येता-जाता एकाने विचारायचं, "काय लागलं?" आणि दुसऱ्याने सांगायचं, "काही नाही. वारा." रोज हेच. पहिल्या दिवशी हे ऐकलं आणि मला केवढं बरं वाटलं म्हणून सांगू! कारण माझ्या गळालाही काही लागत नव्हतं. मला वाटलं, हे सगळे माझ्यासारखेच. घरी करमत नाही म्हणून पाण्याकडे बघत बसणारे. मासे हे आपलं निमित्त. डॉक्टरांची पिशवी कधीकधी जागच्या जागी उड्या मारायची, ती वाऱ्याने हलते असं मी समजायचो. शिंपीमामा घरी निघाले की गल्लीतली मांजरं वरातीसारखी मागून चालायची, तेव्हा मामांना मुक्या जनावरांचा लळा आहे असं वाटून माझा ऊर भरून यायचा. हेडक्लार्क माणूस इतका भोळा असू शकतो का, असं विचारू नका. ज्याला सोबत हवी असते तो काहीही मानून घेतो.

घरी मात्र उलटा कारभार. रोज संध्याकाळी बायकोचा फोन यायचा. बाळाची शी, बाळाची शिंक, बाळाने म्हटलेला "बा", जो आजोबांना उद्देशून होता की बाटलीला यावर चर्चा, आणि मग, "तुमचं काय? लागलं का काही गळाला?" पहिल्या दिवशी मी खरं ते सांगितलं. काही नाही म्हणालो. तर ती "अगंबाई, बिचारे!" म्हणाली आणि मागे मुलगी फिस्सकन हसली. बिचारे! हा शब्द मला लागला. दुसऱ्या दिवशी मी एक मासा धरला. फोनवर. तिसऱ्या दिवशी तो मोठा होता. पुढे पुढे मी मासे तळायला लागलो, उरलेले वहिनींना द्यायला लागलो, आणि एकदा तर भलामोठा मासा दया येऊन परत पाण्यात सोडला. खरं जेवण म्हणजे पाव आणि अंडं. पण काय होतं, मासा लागला नाही म्हटलं की संभाषण तिथेच संपतं. मासा लागला की तो कसा लागला, केवढा होता, खवले कुणी काढले, असं करत फोन दहा मिनिटं तरी लांबतो.

मग तिने फोटो मागितला. मी मासळी बाजारात गेलो. तिथल्या मावशींच्या ओट्यावर एक देखणा मासा होता. मी त्याच्याखालचा बर्फ बाजूला सारून, वेगवेगळ्या कोनांतून फोटो घेऊ लागलो.

"घ्यायचा नाही आणि नुसता फोटो?" मावशी म्हणाल्या. "लग्नबिग्न ठरवताय काय त्याचं?"

ओट्याभोवती हशा झाला. पण फोटो झकास आला. बायकोने बघून "छान आहे हो" एवढंच म्हटलं आणि नेहमीचं वाक्य टाकलं, "येते पुढच्या महिन्यात."

असं सगळं सुरळीत चाललं होतं, तोच जाळीवर सरकारी सूचना लागली. तळ्यात शिकारी जातीचा मासा सोडण्याचा विचार असून गळवाल्यांनी आपले मत लेखी कळवावे. हा शिकारी मासा म्हणे हाताएवढा लांब, तोंडभर दातांचा, लहान माशांवर जगणारा, आणि गळाला लागला की सहजी शरण न येणारा. त्याच्याशी झुंजायला बाहेरगावचे हौशी लोक येतील, तळ्याची भरभराट होईल वगैरे. तिघांनी सूचना वाचली, "हं" म्हणाले आणि आपापल्या जागी गेले. मी मात्र तिथेच उभा राहिलो. माझ्या डोक्यात वीज चमकली. मतं गोळा करायची म्हणजे प्रत्येकाजवळ जाऊन बसायला हवं! प्रश्न विचारला की उत्तर द्यायलाच हवं! मी तिथल्या तिथे जाहीर केलं, "मतं मी गोळा करतो. मी संयोजक."

कुणी हो म्हणालं नाही, पण कुणी नाहीही म्हणालं नाही. माझी संसारातली सगळी कामं अशाच संमतीने झालेली आहेत.

प्रश्न तयार करताना वकिलांनी सल्ला दिला, "उत्तर आधी ठरवा, मग प्रश्न काढा." मी त्यांचं ऐकलं नाही. मी सरळ तीन प्रश्न काढले. शिकारी मासा सोडावा का? सध्या मासे किती मिळतात? आणि कुठे मिळतात? पुढे मला कळलं की गळवाल्याला तिसरा प्रश्न विचारणं म्हणजे परक्या माणसाला त्याच्या तिजोरीची किल्ली कुठे असते ते विचारण्यासारखं आहे. पण तेव्हा मी माझ्याच सुशिक्षितपणात होतो.

कर्नल म्हणाले, "सोडा. पण शिस्तीत सोडा. सगळे एकदम नाही. आधी एक सोडायचा, तो पोहोचला की दुसरा."

"आणि सध्या मासे?"

"काही नाही. वारा."

"पण मिळालाच तर कुठे?"

कर्नलनी आजूबाजूला पाहिलं. "पंपाच्या खोलीमागे असेल एखादा."

पंपाच्या खोलीमागे डॉक्टर. त्यांना शिकारी माशात वेगळाच रस. "दात किती ओळींत असतात हो? वरचे आतल्या बाजूला वळलेले असतील तर सोडा. बघायला मजा येईल." मग मासे? "छे हो, वारा." कुठे मिळतील? "पायऱ्यांशी मिळतील कदाचित. कर्नलना विचारा."

शिंपीमामांनी मात्र पहिल्याच प्रश्नाला गळ खाली ठेवला. मी त्यांच्या तोंडून एवढं बोलणं पहिल्यांदाच ऐकत होतो. "विमासाहेब, आमच्या रस्त्यावर तयार कपड्यांचं मोठं दुकान आलं ना, तेव्हाही असंच म्हणाले होते. रस्त्याची भरभराट होईल. झाली. रस्त्याची झाली. आम्ही चार शिंपी होतो, आता मी एकटा आहे, आणि तोही फक्त चेनी बदलतो. नका सोडू." मग जरा थांबून म्हणाले, "संध्याकाळी दुकान बंद करताना शेजारच्याला हाक मारायची सवय होती. अजून तोंडात येते हाक."

मला फ्रिजची गोष्ट सांगावीशी वाटली. पण संयोजकाने तटस्थ राहायचं असतं, म्हणून मी घसा साफ करून दुसरा प्रश्न विचारला. मामांचे ओठ पुन्हा मिटले. "वारा," ते म्हणाले.

"कुठे?"

"पलीकडे असतील."

"कशाच्या पलीकडे?"

"तुम्ही बसाल त्याच्या."

मी सगळं जसंच्या तसं लिहिलं आणि सह्या घेतल्या. सही करताना कुणी वाचत नाही हा विम्यातला माझा जुना अनुभव. मग कचेरीची वारी सुरू झाली. मत्स्य विभाग म्हणाला, तळं पाणीपुरवठ्याचं आहे, तिकडे द्या. पाणीपुरवठा म्हणाला, पाणी आमचं, मासा त्यांचा.

"आणि मासा पाण्यात असताना?" मी विचारलं.

"तेव्हा दोघांचा," आतले बाबू म्हणाले. "म्हणून तर म्हणतोय, आधी त्यांचा शिक्का आणा."

मत्स्य विभागाने विचारलं, आधी तुमचा शिक्का कुठाय? एकट्यादुकट्याचं मत घेत नाही, संस्था पाहिजे. झालं! मी घरातल्या जेवणाच्या टेबलावर एकट्याने बसून 'गळमित्र मंडळ' स्थापन केलं. संस्थापक मी, सभासद ते तिघं, त्यांना अजून कळवायचं होतं. शिक्केवाल्याने मध्यभागी माशाचं चित्र फुकट घालून दिलं. तो मासा चपलेसारखा दिसत होता, पण शिक्का उठायचा झक्क. आवक खिडकीवर कागद स्वीकारला गेला तेव्हा मला निवृत्त झाल्यापासून पहिल्यांदाच घरी जायची घाई झाली. कुणाला तरी सांगायचं होतं. त्या संध्याकाळी बायकोला मी मासा सांगितला नाही, मंडळ सांगितलं. ती म्हणाली, "अरे वा! म्हणजे माणसं जमली तुमची." मी म्हणालो, "चिक्कार!"

अहवालाचा सारांश मी एका ओळीत दिला होता. सभासदांच्या एकमुखी निवेदनानुसार तळ्यात मासा नाही. खाली चपलेचा शिक्का.

सरकारने कधी नव्हे ती तत्परता दाखवली. जाळीवर नवी सूचना आली. गळमित्र मंडळाच्या अहवालानुसार तळ्यात मासा नसल्याने शिकारी माशास खाद्य उपलब्ध नाही, सबब प्रस्ताव रद्द. तसेच मासाच नसल्याने गळ टाकण्याच्या परवानगीचे प्रयोजन उरत नाही. पुढील महिन्यापासून काठ बंद. तळे पायडलच्या बोटींसाठी देण्यात येईल. आक्षेप असल्यास सुनावणीस हजर राहावे. सुनावणीची तारीख होती, आणि खाली, सगळ्यांना दिसेल असं, संयोजक म्हणून माझं पूर्ण नाव.

मी पायऱ्यांवर पोहोचलो तेव्हा तिघं एकत्र उभे होते. ही माणसं एकत्र उभी असलेली मी कधीच पाहिली नव्हती.

"विमासाहेब," कर्नल म्हणाले, "तळ्यात मासा नाही असं तुम्ही लिहून दिलंत?"

"तुम्हीच सांगितलंत ना!"

"अहो, ते सांगायचं असतं!" डॉक्टर ओरडले. "लिहायचं नसतं!"

"म्हणजे... मासे आहेत?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. कर्नल गुरगुरले, "मी माझं म्हणत नाही. यांना मिळत असतील." "मला कुठले? मामांना विचारा," डॉक्टर म्हणाले. शिंपीमामांनी फक्त आपली खुर्ची उचलली आणि तळ्याच्या पार पलीकडच्या काठाला गेले. मागोमाग डॉक्टर. मागोमाग कर्नल, शिस्तीत.

दुसऱ्या दिवशीही तेच. पलीकडच्या काठावर तीन टोप्या, अलीकडे मी. हातभर अंतर सोडायला माझ्या बाजूला कुणी नव्हतं. "काय लागलं?" हे विचारायलाही माणूस लागतो हो. मी पाण्याकडे तोंड करून स्वतःशीच म्हणालो, "काही नाही. वारा." आणि त्या दिवशी मला काय ते नीट उमगलं. डॉक्टरांची पिशवी. मामांची मांजरं. माझ्यासारखं तिथे कुणीच नव्हतं. ते मासे धरायला येत होते. निमित्तासाठी बसणारा मी एकटाच होतो. मला राग आला, कुणाचा ते कळेना, म्हणून मी टोपीवर काढला. ती पाण्यात पडली.

संध्याकाळी फोनवर बायकोने मंडळाची चौकशी केली. "जोरात," मी म्हणालो. "आज सगळे एकाच बाजूला बसलो." यातलं एकच अक्षर खोटं होतं.

सुनावणीला मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. मत्स्य विभागाच्या साहेबांची खोली, काचेखाली दाबलेली वेळापत्रकं, गळणाऱ्या एसीखाली बादली. तिघं आधीच एका रांगेत बसले होते. मी आलो तशी त्यांनी रांगेतली मोकळी खुर्ची पिशव्या ठेवायला घेतली. मी भिंतीशी उभा राहिलो.

साहेबांनी चष्मा लावला. "आपलं म्हणणं तळ्यात मासे आहेत. ठीक. आपण सांगा, आपल्याला मासे मिळतात?"

कर्नल उठले. छाती पुढे काढली. शेजारी डॉक्टर कान टवकारून बसलेले. कर्नलची मान आपोआप हलली. "काही नाही. वारा."

"आपण?"

"वारा," डॉक्टर म्हणाले आणि कपाळाला हात लावला. सवय हो, दुसरं काय! एकाने आकडा सांगितला असता तर उद्या दुसरा त्याच्या जागेवर.

"आपण?"

शिंपीमामांनी तोंड उघडलं. घामाघूम झाले होते. ते तळ्यावरूनच सरळ आले होते, पिशवी खुर्चीवर होती. मामांच्या तोंडून "वा" एवढंच निघालं आणि पिशवीने अशी उसळी मारली की ती खुर्चीवरून खाली पडली, आणि तिच्यातून एक जिवंत, चमकदार, चांगला वीतभर मासा साहेबांच्या टेबलाखाली गेला.

साहेबांनी दोन्ही पाय खुर्चीवर घेतले. शिपाई फडकं घेऊन धावला, फडकं माशाला आणि मासा शिपायाला चुकवत राहिला. शेवटी डॉक्टरांनी गुडघे टेकून त्याला कल्ल्यामागे बरोब्बर पकडलं आणि एसीच्या बादलीत सोडलं. दाढ काढावी इतक्या सफाईने. सगळे बादलीभोवती जमा झाले. बादलीत मासा फिरत होता.

"सांडव्याचा," शिंपीमामा हळूच म्हणाले. "रोज मिळतो असा."

"हा?" डॉक्टरांना राहवेना. "हा पिल्लू आहे! माझा परवाचा बघायला हवा होता!"

"पंपाच्या मागचा ना? मला वाटलंच!" कर्नल कडाडले. "माझा पायऱ्यांखालचा दोरी तोडून गेला, नाहीतर तुम्ही दोघं तोंडं लपवून बसला असता!"

मग जे सुरू झालं त्याला तोड नाही. किती वर्षांचे मासे त्या खोलीत बाहेर पडले कोण जाणे. हात पसरले जात होते, लांबी वाढत होती, तिघं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. साहेब लिहून घेत होते, त्यांचाही हात एकदा नकळत पसरला. मी भिंतीशी उभा राहून बघत होतो. लग्नघरात चुकून शिरलेल्या माणसाने बघावं तसा.

"काठ चालू राहील," साहेब म्हणाले. "पण इतकं खाद्य आहे म्हटल्यावर शिकारी माशाचा विषय पुन्हा घ्यावा लागेल. मतं नव्याने द्या." शिंपीमामांचा चेहरा पडला. साहेब माझ्याकडे वळले. "आणि संयोजक, आपण? आपल्याला किती मिळाले?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"काही नाही," मी म्हणालो. "मला एकही मासा मिळालेला नाही. कधीच."

कर्नलनी मांडीवर थाप मारली. "बघा! याला म्हणतात गळवाला! सगळं बाहेर आलं तरी हा माणूस फुटला नाही!"

"अहो, खरंच नाही..."

"पक्के आहात!" डॉक्टर हसत म्हणाले. "आम्ही कच्चे निघालो तुमच्यापुढे." शिंपीमामांनी खुर्चीवरच्या पिशव्या उचलल्या, खुर्ची हाताने पुसली आणि म्हणाले, "बसा विमासाहेब." येताना कर्नल माझ्या खांद्यावर हात टाकून जिना उतरले. इतके दिवस मला जे हवं होतं ते सगळं मिळालं, आणि मिळालं ते एका तरबेज माणसाला, जो मी नव्हतो. बिचाऱ्यांना मी कितीदा सांगितलं! जितकं सांगावं तितकी त्यांची खात्री पटत गेली.

घरी आलो. अंडं उकडायला ठेवलं. फोन वाजला. बाळाची शिंक झाली, बाळाचा "बा" झाला, आणि ती म्हणाली, "आज काय लागलं?"

"काही नाही," मी म्हणालो.

"अगंबाई! आज नाही?"

"आज नाही, काल नाही, कधीच नाही. तो फोटो बाजारातला होता. मंडळात मी एकटाच होतो. मला इथे करमत नाही गं. अजिबात करमत नाही."

पलीकडे खुर्ची सरकवल्याचा आवाज आला.

"फोटोतला मासा बाजारातला होता ते मला माहीत होतं," ती म्हणाली. "त्याच्या शेपटीखाली बर्फ होता."

"मग बोलली का नाहीस?"

"म्हटलं, फोटोसाठी बाजारापर्यंत जाताय, गोष्टी रचून सांगताय, म्हणजे मजेत असाल. मजेत नसलेल्या माणसाला एवढं सुचतं का? मग म्हटलं, मी कशाला मध्ये येऊ?" मग म्हणाली, "इथे बाळ सकाळीच पाळणाघरात जातं. ही दोघं कामाला. मी खिडकीत बसते. समोर गाड्या उभ्या करायची जागा आहे. कुठली गाडी कुणाची ते आता सगळं पाठ झालंय मला. त्यातलं एक माणूस ओळखीचं नाही."

"अगं, पण शिंक? रोजचा तो 'बा'?"

"ते मुलगी रात्री जेवताना सांगते. तेच मी तुम्हाला सांगते."

मी गॅस बंद केला. तेवढ्यात फ्रिज घरघरला.

"कोण आहे तिथे?" तिने विचारलं.

"फ्रिज."

"त्याला काय झालंय?"

"त्याचं असंच आहे. तू गेल्यापासून."

ती हसली की नाक ओढलं, फोनवर कळत नाही. सांगायला मासा नव्हता, आणि तरी दोघांपैकी कुणी फोन ठेवत नव्हतं.

"येते मी," ती म्हणाली.

पुढचे दोन शब्द मला पाठ होते. मी त्यांची वाट बघत राहिलो. ते आले नाहीत.